कुलूप लावलेल्या बॅगेतली गाठ

गोरख हेल्मेट हातात धरून काउंटरसमोर उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. समोरचा माणूस नजर चुकवायला लागला की मला आधी संशय येतो, मग प्रश्न सुचतात. इतकी वर्षं लॅब चालवल्यावर हा स्वभावच होऊन बसलाय.

"मॅडम, डावी बॅग न्हाई."

"नाही म्हणजे?"

"पडली असंल. न्हाईतर कोनी काढून नेली."

गोरख आमचा रायडर. पाथर्डी, तिसगाव भागातल्या दवाखान्यांतून तपासणीचे नमुने गोळा करायचे आणि नगरला माझ्या लॅबमध्ये आणायचे, हे त्याचं काम. मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंट मला क्वचितच दिसतो. दिसतं ते त्याचं रक्त, नाहीतर त्याच्या अंगातून काढलेला एखादा तुकडा. गोरखच्या मोटरसायकलला मागे दोन्ही बाजूंना लोखंडी फ्रेम आहे आणि त्या फ्रेमला बकलांनी अडकवलेल्या दोन बॅगा. उजवीत बर्फाच्या डब्यात रक्ताच्या ट्यूब असतात. डावीत बायोप्सी.

रक्त हरवलं तर पेशंटच्या शिव्या खाऊन पुन्हा काढता येतं. बायोप्सीचं तसं नाही. ऑपरेशन करून काढलेला तुकडा फॉर्मॅलिन नावाच्या तिखट वासाच्या औषधात बुडवून आमच्याकडे येतो. तो हरवला की संपलं.

त्या दिवशी डाव्या बॅगेत एकच बरणी होती. त्यात सुमनबाईंच्या छातीतली गाठ होती. पाथर्डीच्या सर्जननी ती आदल्या दिवशी अख्खी काढली होती. ती साधी की कॅन्सरची, हे मी सांगायचं होतं. आणि सुमनबाईंचा नवरा अंबादास सकाळपासून माझ्याच बाकावर बसून होता. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात असं सांगूनही तो हलला नव्हता. "गाठ पोचलेली डोळ्यानं बगतो, मंग जातो," म्हणाला. त्यांची ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघायची होती. रिपोर्ट चांगला आला तर दोघं जाणार, नाहीतर दोघंही गावातच थांबणार. मुकादम रोज फोन करून विचारत होता.

मी गोरखला आतल्या खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"कुलूप लावलं होतंस?"

"लावलं हुतं. नंबर फिरवून."

मागे एकदा बसस्टँडवर बॅगेतून रेनकोट आणि जेवणाचा डबा चोरीला गेला होता. तेव्हापासून मी दोन्ही बॅगांच्या चेनला नंबरची कुलपं लावून घेतली होती. मला त्या कुलपांचा फार अभिमान होता. पण कुलूप होतं चेनला. अख्खी बॅग लटकत होती दोन प्लॅस्टिकच्या बकलांवर. म्हणजे आतली वस्तू कुणाला काढता आली नसती, बॅगच उचलून मात्र कुणीही नेली असती. आम्ही दोघं बाहेर जाऊन फ्रेम बघून आलो. एक बकल तुटून लोंबकळत होतं, दुसऱ्याचा पत्ताच नव्हता.

"कुठे कुठे थांबलास?"

"तिसगावात चहाला. मंग सरळ करंजीवरून नगर."

तिसगावात त्या दिवशी बाजार होता. बाजारात बॅग उचलणारे असतातच. त्यात गोरख थांबतो त्याच टपरीवर दुसऱ्या एका लॅबचा माणूस चहा पितो, आणि आमचे दोन दवाखाने फोडायचा त्यांचा प्रयत्न चालू होता. माझं डोकं लगेच तिकडे धावलं. नमुने हरवणाऱ्या लॅबकडे कोण डॉक्टर पेशंट पाठवेल? आणि गोरखला त्यांनी काही कबूल केलं नसेल कशावरून? मी टपरीवाल्याला फोन लावला, लॅबमधल्या दोघांना हायवेवर पिटाळलं आणि सर्जनना कळवलं.

"मॅडम, मी गाठ काढून टाकलीय," ते ओरडले. "आता पुन्हा काय कापू? तिथे काही उरलंय का?"

टपरीवाल्याने बॅग पाहिली नव्हती आणि हायवेवर गेलेले दोघंही हात हलवत परत आले. मग अंबादासला सांगावंच लागलं. बॅग हरवलीय, शोधतोय, असं मी जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं. तो उठून माझ्यासमोर आला.

"मॅडम, खरं सांगा. गाठ वाईट निघाली, व्हय ना? सांगवत न्हाई म्हनून तुमी बॅग हरवली म्हनताय."

"अहो, नाही. मी अजून ती पाहिलीसुद्धा नाही."

"डाक्टर लोक असंच करत्यात. माझ्या थोरल्या भावाच्या वक्ताला बी रिपोर्ट यायचाय, यायचाय म्हनत ऱ्हायले. शेवटपत्तूर सांगितलं न्हाई. ती घरी वाट बगतीया. म्या तिला काय सांगू?"

मला त्याच्याकडे बघवेना. दिवसभर मी सगळ्यांवर संशय घेत होते आणि माझ्यावर कुणीतरी घेईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गोरख दाराशी उभा राहून ऐकत होता. तो पुढे आला.

"दादा, मॅडम खोटं बोलत न्हाईत. बॅग खरंच पडली. आन् मी हायवेनं आलोच न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तिसगावातून आत वळलो. बहिनीकडं गेल्तो. रस्ता लई खराब हाय. तितंच पडली असंल. तुमी वरडला असता म्हनून बोललो न्हाई."

मी ओरडले असते हे खरं. पण आता त्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. तिघंही माझ्या गाडीत बसलो.

बहिणीच्या वाडीच्या अलीकडे एका वळणावर माणसं जमलेली दिसली. मध्ये मोकळी जागा, तिथे आमची बॅग. एका बाजूने विळ्याने फाडलेली, कुलूप मात्र जागच्या जागी. बरणी बाहेर काढून ठेवलेली. भोवती हळदकुंकवाचं कडं आणि त्यावर लिंबं. एक माणूस डिझेलचा कॅन घेऊन उभा होता.

"कुनी टाकलंय हे आमच्या शिवंत?" त्याने मला विचारलं. "कुलूप लावून करनी धाडलीया. आत मांस हाय. वासानं डोळ्यातनं पानी येतंय."

"करणी नाही हो. मी डॉक्टर आहे. हा तपासणीचा नमुना आहे, माणसाच्या अंगातला तुकडा."

हे बोलायला नको होतं.

"मानसाचा?" मागून कुणीतरी ओरडलं. "बगा, म्हनलं हुतं ना मी! पोलीस बोलवा!"

"आदी जाळा," दुसरा म्हणाला. कॅनवाला वाकून कॅनचं झाकण फिरवायला लागला. मी लेबल दाखवत होते, ओळखपत्र दाखवत होते. ते बघायला कुणी जवळच येईना.

अंबादास गर्दीतून पुढे गेला आणि कड्याच्या आत जाऊन बरणीसमोर बसला.

"ही माझ्या बायकोची गाठ हाय," तो म्हणाला. "छातीतली. काल कापून काढली. ही जाळली तर तिला काय झालंय ते कुनालाच कळायचं न्हाई. हात जोडतो, जाळू नका."

कॅनवाल्याने कॅन खाली ठेवला. एका म्हातारीने पुढे येऊन लिंबं बाजूला केली आणि म्हणाली, "घे बाबा, घेऊन जा. पोरीला बरं वाटू दे."

बरणीच्या झाकणावरचा टेप ओला होता, पण झाकण घट्ट होतं आणि गाठ औषधात पूर्ण बुडालेली होती. लेबलवर नाव शाबूत होतं. विळ्याने बॅग फाडल्यावर आत काय आहे ते दिसलं, त्यानंतर भीतीपोटी झाकणाला कुणी हात लावला नाही. माझ्या कुलपापेक्षा ती भीती जास्त कामाला आली, हे मला मान्य करावं लागलं. मी बरणी पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवायला निघाले, तर अंबादासने ती माझ्या हातातून घेतली. नगर येईपर्यंत ती त्याच्या मांडीवर होती. लॅबच्या टेबलावरही त्यानेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बॅगा बदलल्या. आता बॅगेच्या पाठीतून जाड पट्टा फ्रेमभोवती फिरवून लोखंडी कडीत अडकवलेला असतो, त्यामुळे बकलं तुटली तरी बॅग फ्रेमला लटकून राहते. बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "दवाखान्याचे तपासणीचे नमुने. आत पैसे नाहीत. सापडल्यास फोन करा." गोरखला बहिणीकडे जायची परवानगी आहे, फक्त नमुने पोचवल्यावर. तो अजूनही कधीकधी मला काही सांगत नाही आणि मीही त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही.

रिपोर्ट घ्यायला अंबादास सुमनबाईंना घेऊन आला.

"कॅन्सर नाही," मी म्हणाले. "साधी गाठ होती. टाके सुकले की कामाला जायला हरकत नाही, तारीख मात्र सर्जनना विचारा."

सुमनबाईंनी डोळे मिटून घेतले. अंबादासने रिपोर्ट उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"पन मॅडम, ही हिचीच गाठ कशावरून? मधी कुनाची दुसरी आली असंल तर?"

एरवी मी चिडले असते. त्या दिवशी मला तो प्रश्न आवडला.

"अंबादासभाऊ, ती बरणी या टेबलावर कोणी आणून ठेवली?"

त्याने टेबलाकडे बघितलं.

"म्याच," तो म्हणाला, आणि माझ्यासमोरच हुंदके देऊन रडायला लागला.