पाटावरचा बल्ब

आधीच सांगून टाकते. भावाची ती लाल गाडी चारदा बंद पडली, तिघा शहाण्यांनी तिला तपासलं, आणि दुखणं सापडलं ते मला. एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं असिस्टंट आहे. पोरांनी जाळलेली मीटरं पुन्हा चालू करणं हेच माझं काम. तरी यात बढाई वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. एवढी वर्षं वाट पाहिल्यावर माणसानं थोडी बढाई मारावी.

वाट कशाची, तेही सांगते. जरीपटक्याला बाबांचं बॅटरीचं दुकान होतं. ट्रक, ऑटो, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या बॅटऱ्या तिथे यायच्या. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायची आणि रिकामा डबा परत न्यायच्या निमित्तानं तासभर बसून राहायची. बाबांना काम करताना स्वतःशी बोलायची सवय. 'आता हे काढलं, आता इथं पाह्यलं, इथं बी नाही,' असं चालायचं, आणि मी कान टवकारून ऐकायची. बारावी झाल्यावर म्हटलं, मला दुकानात बसू द्या. बाबा हसले. म्हणाले, "ॲसिडनं हात जळतेत वं. उद्या पाहुणे पाह्याले आले तं कोणते हात दाखवशीन?" दुकान भावासाठी राखून ठेवलं. भाऊ कम्प्युटर शिकला आणि मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला. पुढे बाबांचे गुडघे गेले आणि दुकानाचं शटर पडलं ते पडलंच. मी मात्र तिकडे लॅबमध्ये हात जाळून घेतच होते. ते कोणी पाहायला आलं नाही, एवढंच.

दरवर्षी खंडेनवमीला बाबा दुकानातली हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायचे. पाने, पकडी, ॲसिड तपासायची काचेची नळी, मीटर. मग हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही सुट्टी. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकानं आपलं एक हत्यार पाटावर ठेवायचं आणि त्याला कुंकू स्वतःच्या हातानं लावायचं, हा बाबांचा नियम. ज्याचं हत्यार पाटावर, तो दुकानाचा माणूस. सातवीत असताना मी माझा एक टेस्टर गुपचूप त्यात ठेवला होता. बाबांनी तो उचलून माझ्या हातात दिला. "हा घरचा आहे, घरी ठेव," म्हणाले. रागावले नाहीत, काही नाही. पण मी ते आजवर विसरलेली नाही.

दुकान गेलं तरी पाट राहिला. आता तो घरी मांडतात आणि त्यावर भावाचा लॅपटॉप असतो. लॅपटॉप! ज्यानं जन्मात एक स्क्रू पिळला नाही त्याचं हत्यार पाटावर, आणि मी आपली बाजूला उभी राहून आरतीला टाळ्या वाजवते.

तर गाडी. भावानं ती मागच्या उन्हाळ्यात घेतली, सेकंडहँड. दोनच माणसं बसतील अशी, भडक लाल, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी जमिनीला नमस्कार घालायचा. आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासतं. म्हणून साहेब महिन्यातून दोनदा तिला मिहानकडच्या रुंद रस्त्यावर फिरवून आणायचे आणि बाकीचे दिवस ती पोर्चमध्ये कव्हर पांघरून झोपायची. आली त्या दिवशी बाबांनी तिची पूजा केली, नारळ फोडला. लाल धागा बॉनेटवर बांधायला गेले तर भाऊ ओरडला, "बाबा, तिथं नोका बांधू, रंगाले ओरखडे पडतीन!" बाबांनी मुकाट्यानं डिक्की उघडली आणि धागा तिथे आत बांधला.

पुढे पंधरा दिवसांत बॅटरी मेली. बाहेरून करंट देऊन चालू केली, आठवड्यात परत मेली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नवी बॅटरी घातली, तीही बसली. पहिला म्हणाला, गाडी कमी चालवता म्हणून होतं. दुसरा म्हणाला, बॅटरीच खराब निघाली. तिसरा म्हणाला, सगळी वायरिंग उघडावी लागेल, गाडी महिनाभर इथे राहू द्या. मधल्या काळात बाबांनीही दोनदा पाहिलं. मला ते पाहवलं नाही हो. मीटरची टोकं धरताना त्यांचे हात थरथरत होते, आकडे दिसत नव्हते. शेवटी मीटर खाली ठेवून म्हणाले, "आता माह्याच्यानं नाही होत." चाळीस वर्षं एकही बॅटरी ज्या माणसाला भारी पडली नाही, तो माणूस त्यानंतर त्या गाडीकडे पाठ करून बसायला लागला.

खंडेनवमीला मी सकाळीच स्कूटीवरून माहेरी गेले. पाट मांडून झाला होता, पूजा झाली होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बाबांना त्या गाडीत बसून कुहीला, आमच्या गावी, जायचं होतं, मोठ्या काकांना सोनं द्यायला. गावात अर्ध्या लोकांना त्यांनी फोन करून सांगितलंही होतं. आणि गाडी मेलेली! चौथ्यांदा. भाऊ म्हणाला, "जाऊ द्या, दुसऱ्या गाडीनं जाऊ. दसरा झाला की सर्व्हिस सेंटरले देऊन टाकतो, उघडू दे वायरिंग." बाबा पोर्चमधल्या खुर्चीवर जाऊन बसले, गाडीकडे पाठ करून.

मी म्हटलं, "मी पाह्यते."

"ताई, हे स्कूटीचं काम नाही."

"तू चूप राह्य. चावी दे, आणि बाबांच्या खाटेखालचा दुकानातला चार्जर आण."

तो चार्जर इतका जड, की पाटावर कधी चढलाच नाही. म्हणूनच त्याला हात लावता आला. दुपारपर्यंत बॅटरीत जीव भरला. आता करंट कुठून गळतो ते पाहायचं, तर मीटर हवं, आणि मीटर पाटावर. भाऊ उचलायला गेला तशी खुर्चीवरून आवाज आला, "पाटावरचं उचलाचं नाही." संपलं. त्यावर आमच्या घरात कोणी बोलत नाही.

मग मी माझ्या स्कूटीच्या मागच्या दिव्याची काच उघडली आणि त्यातला बल्ब काढला. जुन्या मोबाइल चार्जरची वायर कापून तिची दोन टोकं बल्बला चिकटपट्टीनं बांधली. भाऊ बघतच राहिला. "हे काय करून राहिली तू?"

"गळती पाह्यचं यंत्र."

सोपं आहे. बॅटरीच्या निगेटिव्हवरची केबल काढायची आणि केबल आणि बॅटरी यांच्या मधे हा बल्ब जोडायचा. गाडी बंद, दारं बंद, डिक्की बंद. काही गळत नसेल तर बल्ब विझलेला राहील. गळत असेल तर पेटेल. नवीन गाड्या बंद केल्यावरही थोडा वेळ जाग्या असतात, म्हणून लगेच निकाल द्यायचा नाही, थांबायचं. मी स्टूल ओढून बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. भावाचं दोनदा चहा पिऊन झालं. बल्बची तार लालसर पेटलेली ती पेटलेलीच.

मग एकेक फ्यूज काढायला घेतला. हा काढला, बल्ब पेटलेला आहे. परत लावला. दुसरा, पेटलेला आहे. मी तोंडातल्या तोंडात बोलत होते हे मला कळलंच नाही. 'आता हे काढलं, आता इथं पाह्यलं, इथं बी नाही.' खुर्ची करकरली. बाबांनी खुर्ची वळवली होती आणि माझ्याकडे तोंड करून बसले होते.

अकरावा फ्यूज काढला आणि बल्ब विझला. आतल्या दिव्यांचा फ्यूज! मला तर नाचावंसं वाटलं. आता आतला कोणता दिवा? छतावरचा विझलेला दिसत होता. समोरच्या कप्प्यात दिवाच नव्हता. राहिली डिक्की. पण डिक्की बंद असताना आतला दिवा जळतो की विझतो, हे बघणार कोण? ते कसं ओळखायचं, मला ठाऊक होतं. दुकानात ऐकलं होतं. फ्यूज परत लावला, केबल घट्ट बसवली, डिक्की बंद करून अर्धा तास सोडली. मग झाकण वर केल्याबरोबर हात घालून आतला बल्ब धरला. हात भाजला. नुकता पेटलेला बल्ब असा तापत नाही. हा दिवसरात्र जळत होता, बंद डिक्कीत, कोणालाही न दिसता.

आणि मग कारणही दिसलं. डिक्कीच्या कुलपात एक छोटा खटका असतो, झाकण बसलं की तो दबतो आणि दिवा विझतो. त्या कुलपाला लाल धाग्याचे सात वेढे होते. झाकण नीट बसत होतं, पण धाग्यामुळे खटका पूर्ण दबत नव्हता. तिघांनी ही डिक्की उघडली असणार. तिघांनी तो धागा पाहिला असणार. मी लगेच फाटकापाशी जाऊन सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडचा म्हणतो, "मॅडम, वो पूजा का धागा है ना, उसको हमने हाथ नहीं लगाया." घ्या! वायरिंग उघडायला तयार, धागा सोडायला तयार नाहीत. त्यांना तरी काय बोलू? मी स्वतः त्या डिक्कीत गणपतीचं सामान ठेवलं होतं आणि त्या धाग्याला हात लावून पाया पडले होते.

आनंद पोटात मावत नव्हता आणि त्याच क्षणी आठवलं. हा धागा बाबांनी बांधला होता. आधीच तो माणूस स्वतःला निकामी समजून बसलेला. त्याला जाऊन सांगायचं, बाबा, गाडी तुम्हीच मारली?

मी झाकण अर्धं खाली ओढलं आणि मोठ्यानं म्हटलं, "काही नाही. फ्यूज ढिला होता."

"कोणता?" बाबांनी विचारलं.

"आतल्या दिव्याचा."

"ढिल्या फ्यूजनं बॅटरी उतरत नाही."

बोला आता! लॅबमध्ये तीस वर्षं पोरांच्या थापा पकडल्या, आणि स्वतःला एक धड थाप मारता आली नाही. बाबा उठले. भिंतीला धरून, गाडीला धरून डिक्कीपर्यंत आले. झाकण वर केलं. आधी बल्ब चाचपला, मग कुलूप. बोटं धाग्यावर थांबली. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना स्वतःची गाठ ओळखू आली.

"हे तं मी बांधलं," ते म्हणाले.

भाऊ घाईनं म्हणाला, "नाही बाबा, मीच म्हटलं होतं बॉनेटवर नोका..."

"तू थांब गा." मग माझ्याकडे वळले. "काहून खोटं बोलली?"

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "तुमाले वाईट वाटन म्हणून."

"आपल्या दुकानात फॉल्ट लपवत नाहीत," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकाची चूक असो का आपली, जे आहे ते सांगाचं. एवढं बसून ऐकलं, हे नाही ऐकलं?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. डबा रिकामा झाल्यावरही मी का बसून राहायची, ते त्यांना तेव्हाच माहीत होतं. मी तिथे उभी राहून चक्क रडले, लहान पोरीसारखी, भावासमोर. त्यानंही त्या दिवशी चिडवलं नाही.

"सोड तो धागा," बाबा म्हणाले. "तूच सोड. माह्या नखानं नाही निघत." मी सातही वेढे सोडले आणि बाबांनी सांगितलं तिथे, गाडीच्या आत आरशाला बांधले. डिक्की बंद केली. अर्ध्या तासानं पाहिलं तर बल्ब थंडगार. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात अशी गुरगुरली की शेजारचे गच्चीवर आले. कुहीला जायची तयारी झाली.

मी स्कूटीकडे निघाले, माझा बल्ब परत बसवायला. गाडीजवळ ठेवलेला बल्ब जागेवर नव्हता. बाबा तो वायरीसकट घेऊन देवघरापुढे गेले होते. त्यांनी लॅपटॉप थोडा सरकवला, मीटरशेजारी जागा केली आणि चिकटपट्टी लावलेला माझा बल्ब तिथे ठेवला. मग कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली.

"लाव. ज्याचं हत्यार त्यानंच लावा लागते."

मी कुंकू लावलं. माझं बोट ग्रीसनं काळं होतं, तसंच लावलं. बाबांनी त्या बोटाकडे पाहिलं आणि वरून एक झेंडूचं फूल ठेवलं.

पाटावरचं उचलायचं नाही, त्यामुळे संध्याकाळी मी मागच्या दिव्याशिवायच घरी निघाले. चौकात ट्रॅफिकवाल्यानं अडवलंच. "मॅडम, मागचा लाइट कुठाय?"

"माझ्या बाबांच्या पाटावर आहे," मी म्हटलं. "उद्या मिळेल."