पहिलटकरणींची जाळी

“मला भ्या वाटतंय,” असं ती आधी सांगून टाकायची आणि मग तेच काम करायची. सायखेड्याच्या पुलावर मेंढरं आली की हेच म्हणत रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभी राहायची. ट्रक मुकाट्याने थांबायचे. नेमकं कोण कोणाला भितंय, हे तुम्हीच ठरवा.

ती सिन्नरकडची. कांदा निघाला की दरवर्षी तिची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायची. नवरा गेल्यावर कळप तिने आपल्या हाती ठेवला होता. धाकटा दीर सोबत असायचा, पण टपलेला. “वहिनी, एकदा चुका, मग बघतो,” असं तो हसत म्हणायचा. ती हसायची नाही.

एका वर्षी मी दक्षिणेकडून एक थोराड नर आणला. त्याची कोकरं भराभर वाढतात, असं ऐकलं होतं. तुझ्या मेंढ्यांना हा लाव म्हणून मी तिच्या मागेच लागलो. तिने त्याचं डोकं, खांदे चाचपले.

“दादा, बाप लय मोठा हाय. माझ्या मेंढ्या बारक्या. भ्या वाटतंय.”

आणि अर्थातच तिने नर घेतला. पण फक्त आधी व्यालेल्या, रुंद कमरेच्या मेंढ्यांसाठी. पहिलटकरणी तिने माझ्यासमोर खुंट्या ठोकून बांधलेल्या वेगळ्या जाळीत कोंडल्या आणि बजावलं, की याला इकडे येऊ द्यायचं नाही. बारक्या मेंढीच्या पोटात मोठं कोकरू अडलं की दोघंही जातात.

मला ते उगाचचं भित्रेपण वाटलं. ती बाजाराला गेली असताना मी जाळीची खुंटी उपटली आणि नर आत सोडला. खुंटी परत ठोकायचं काही सुचलं नाही. ती परतली तेव्हा नर आत होता, आणि जाळी आपसूक सुटली असंच सगळ्यांनी धरलं.

दिवाळीच्या सुमारास दिराचा फोन आला. मी सिन्नरला पोचलो तेव्हा दोन पहिलटकरणी मरून पडल्या होत्या आणि तिसरी अडली होती. मेंढीमागे ती गुडघे टेकून, हाताला तेल चोपडून कोकरू सोडवत होती. मेंढी कण्हत होती. कोकराचं डोकं बाहेर आलं तोवर मेंढीची मान पडली.

“जाळी बांधता येत नाय, अन् कळप सांभाळती म्हणं,” दीर म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. “दादा, तुमच्यासमोर बांधली व्हती ना मी?”

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता. आठवत नाही, असं मी म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात कळप ताब्यात घेऊन दीर एकटाच आला. तिने निवडलेल्या मेंढ्यांची कोकरं चांगली थोराड झाली होती. लोक दिराचं कौतुक करतात. तिला मात्र साधी जाळी बांधता येत नव्हती, असं गावात अजून बोलतात. तिची जाळी पक्की होती. खुंटी मी उपटली.

यंदा दिराला हे सांगितलं. “जाऊ द्या काका, कळप चांगला झालाय ना,” म्हणाला. ती लासलगावला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते, एवढं कळलं.

गेलो. धुळीमुळे तोंडं बांधलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. नुसते डोळे दिसत होते. प्रत्येक जोडी तिचीच वाटायला लागली.

“बाबा, पाय उचला, कांदा चेंगरतोय,” एकीने म्हटलं.

आवाज तिचा नव्हता. तरी पुढच्या ओळीकडे न बघता मी गेटाबाहेर आलो.