शेंदराखालचे आकडे

भूकंपात आमच्या गावचं महादेवाचं हेमाडपंती देऊळ कोसळलं. माझे वडील, अप्पा, तिथले सरकारी पहारेकरी. चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून रचलेलं देऊळ ते. एकेक दगड परत जागेवर बसवता येईल, असं पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी सांगितलं. त्यांनी दगडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले, कुठला दगड कुठे ते वहीत टिपलं आणि गेले ते गेलेच. अप्पा रोज सकाळी आकडे तपासत. "आकडे हायत तवर देऊळ हाय," म्हणत. स्वतः पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसाचा हा रुबाब मला भारी वाटायचा.

वर्ष उलटलं तरी साहेब फिरकेनात, म्हणून अप्पा त्यांना गाठायला औरंगाबादला गेले. त्याच दुपारी जमीन पुन्हा हलली. देव पूजेवाचून उघड्यावर पडलाय म्हणून कोपलाय, असं गावातल्या बायकांनी ठरवून टाकलं. तेल-शेंदूर निघाला. नक्षी दिसली की फासा शेंदूर! ढिगाऱ्याच्या सांदीत मोठ्यांचा हात पोचेना. मी अकरा वर्षांची, काटकुळी. मीच आत शिरले. एक दगड सोडला नाही. बायकांनी तोंडभर कौतुक केलं आणि मी हुरळून गेले.

तिसऱ्या दिवशी अप्पा परतले. करवंटीने शेंदूर खरवडायला बसले, तर त्याच्याबरोबर आकडेही निघून आले.

"कुणी केलं हे?"

"गावानं," आई म्हणाली.

मी हात पाठीमागे लपवले.

पुढे साहेब आले, दगड बघितले, वही मिटून निघून गेले. त्या ढिगाची राखण अप्पांनी निवृत्त होईपर्यंत केली. इतकं केविलवाणं काम मी दुसरं पाहिलं नाही, आणि ते माझ्यामुळे होतं.

दहावीनंतर त्यांनी मला लातूरला क्लासला घातलं. भिंतीभिंतीवर टॉपरांचे फोटो, एका खोलीत सहा पोरी. हॉस्टेलच्या दारात ट्रंक खाली ठेवून अप्पांनी माझा हात हातात घेतला आणि नखांकडे बघत राहिले.

"शेंदूर दिसला व्हता मला तवाच," ते म्हणाले. "तू कवा सांगशील म्हणून वाट बघितली. लई वाट बघितली."

मी एवढंच म्हणाले, "अप्पा, एसटी चुकंल तुमची."

ते गेले.