आक्काकडची किडनी

आधीच सांगून ठेवतो — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे असे अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचतो, बायकोला वाचून दाखवतो आणि वर म्हणतो, काय फेकतात बघ लोक! मी विजेच्या खात्यात वायरमन. करंट आहे किंवा नाही, आमच्या धंद्यात तिसरं काही नसतं. हे लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, आता तुम्हाला हसतील. हसू देत.

राहायला लोणखेड्याला, शहाद्याला लागूनच. मोठी बहीण, आक्का, धानोऱ्याला दिलेली. काही वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. घरात माझी जुळली, मी दिली. त्यात मोठेपणा कसला, लहानपणी तिनेच मला कडेवर वागवलं. डावी तिच्याकडे, उजवी माझ्याकडे. तिच्या तोंडावर पुन्हा तेज आलं आणि माझं खांबावर चढणं बंद होऊन ऑफिसात खुर्ची मिळाली. दोघांचं बरं चाललं होतं.

यंदा होळीच्या थोडं आधी उजव्या कुशीत कळ उठली... अशी, की मी जमिनीवर गडबडा लोळलो. दुसऱ्या दिवशी तर लघवीच होईना. बायकोने गाडी केली आणि मला नंदुरबारला एका खासगी दवाखान्यात आणलं. सोनोग्राफी झाली. खडा किडनीतून घसरून खालच्या नळीत घट्ट अडकलेला, वर किडनी सुजलेली.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी नीट समजावलं. किडन्या दोन असत्या आणि खडा छोटा असता तर पाणी-गोळ्यांवर पडायची वाट बघितली असती. बरेच खडे तसेच पडतात. कळ थांबत नसेल, ताप येत असेल, किडनी सुजत असेल, तेव्हा ऑपरेशन. खडा मोठा आणि किडनीतच असेल तर पाठीला छोटं भोक पाडून काढतात. माझा नळीतला, म्हणजे लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालायची, लेझरने फोडायचा, आत बारीक नळी ठेवायची आणि काही आठवड्यांनी ती काढायची. शेजारच्या खाटेवर प्रोस्टेटचे एक बाबा होते. त्यांच्याही वाटेने दुर्बीणच जाणार होती. गोळ्या खाऊन दमले, पुन्हा पुन्हा लघवी अडायला लागली, तेव्हा कुठे तयार झाले. "त्यांना विचार करायला वेळ होता," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला नाही. तुमची एकच आहे, आणि ती बंद पडतेय."

खोटं कशाला बोलू, मी टरकलो. मरणाला नाही — आक्काला. माझी ही किडनी गेली असती तर तिने स्वतःला माफ केलं नसतं. रोज उठून म्हणाली असती, भाऊचं मी खाल्लं. म्हणून बायकोला दम भरला, धानोऱ्याला एक शब्द कळवायचा नाही. बायको रडत हो म्हणाली. मुलांनाही सांगितलं नाही, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

दुपारी मला आत घेतलं. भूल देणाऱ्या मॅडमनी बसवून कमरेत सुई टोचली. पाय गरम झाले, जड झाले, मग नाहीतच! गंमत म्हणजे ते समोर स्टँडवर टांगलेले मला दिसत होते, हिरव्या कापडाखाली. पण वाटत होतं की खाली सोडलेत आणि जमिनीला टेकलेत. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, खूप जणांना असं वाटतं, पायांची आधीची जागा मेंदूला आठवत राहते. पटलं मला.

मग ती जमीन तापायला लागली.

आता हे कसं सांगू... छताचा दिवा होता तसाच होता, मशीनचा आवाज चालू होता, मॅडम बाजूला उभ्या होत्या. हे सगळं दिसत होतं, आणि त्याच्याच आत, काही न हलवता, ऊन आलं. संथ, पिवळं ऊन. मिरचीचा तिखट वास नाकात शिरला, पण ठसका लागला नाही. पायांखाली सारवलेली माती, मधेच काहीतरी कुरकुरीत. खाली बघितलं तर लाल मिरच्या, साड्यांवर पसरलेल्या, पार कुंपणापर्यंत. मी आक्काच्या अंगणात उभा होतो.

भीती वाटली नाही. खरं सांगतो, इतकं निवांत मला जन्मात वाटलं नव्हतं. आक्का वाकून मिरच्या खालीवर करत होती, तोंडाला मास्क लावून. किडनी बसवल्यापासून धुळीत ती मास्कशिवाय जात नाही. वारा नव्हता. कुठल्या तरी घरात पाण्याची मोटर चालू होती. आक्का तशीच वाकलेली राहिली, मग तिने हात पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाबून धरला. माझी किडनी तिला तिथेच बसवलीय. ती हळूहळू खाली बसली. मला जायचं होतं तिच्याकडे, पण पाय माझे असून माझं ऐकेनात. मग तिने मान वर केली, थेट माझ्याकडे बघितलं, आणि नेहमीसारखी खेकसली, "भाऊ, तुन्ही चप्पल कोठे गयी?"

तेवढ्यात डॉक्टरांचा आवाज आला, "फुटला खडा." आक्काचा हात पोटावरून सुटला. ऊन गेलं, आणि पुन्हा वर छताचा दिवा.

बाहेर काय झालं ते बायकोकडून कळलं. मी आत असतानाच तिला दाजींचा फोन आला. आक्काच्या पोटात किडनीच्या जागी अचानक भयंकर दुखलं आणि आपोआप थांबलं. किडनी नाकारली जातेय की काय म्हणून ते गाडीत घालून तिला नंदुरबारला आणत होते. आणि मधेच ते म्हणाले, ही म्हणते भाऊ येऊन गेला, अंगणात अनवाणी उभा होता... तो लोणखेड्याहून निघालाय का? मग बायकोने सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी माझे पाय जागे होत होते, तेव्हा आक्का वॉर्डात आली. डॉक्टरांनी आधी तिची तपासणी केली होती; तिची किडनी ठणठणीत. हातातल्या पिशवीतून तिने दाजींच्या जुन्या चपला काढून खाटेखाली ठेवल्या. घरातून निघतानाच घेतल्या होत्या. दाजी ओरडत होते तरी.

"मिरचीमा उघडा पायवर उभा ऱ्हास का कोनी?" म्हणाली, आणि मग ढसाढसा रडली. मीही रडलो. लाज कसली त्यात. शेजारचे बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

लघवी सुरू झाली, रिपोर्ट उतरत उतरत जागेवर आले. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, भुलीत कधी डुलकी लागते, स्वप्न पडतं. ठीक. पण आक्काकडे दरवर्षी मिरच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, वाळतात. यंदा धाब्याची दुरुस्ती निघाली म्हणून पहिल्यांदाच अंगणात पसरल्या होत्या, त्याच सकाळी. मला कोणी सांगितलं? आणि दुखण्याचं काय? डॉक्टर म्हणाले, किडनी बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, दुखणं कळवणारे तंतू कापलेलेच राहतात. तिचं पोट दुखू शकतं, पण तुमचा खडा फुटलेला तिला कळायला वाटच नाही. वाट नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? तोडलेल्या तारा मी आयुष्यभर हाताळल्यात.

आतली नळी काढून आल्यावर धानोऱ्याला गेलो. ओट्यावर बसून आक्काला डॉक्टरांचं म्हणणं समजावलं — तंतू कापलेले असतात, तिकडचं इकडे काही कळत नाही. याचा उलगडा मला तेव्हाही झाला नव्हता, आजही झालेला नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, मी हसणार नाही.

आक्काने मात्र मिरचीचे देठ खुडता खुडता सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "पोर सासरले गयी म्हनीसन माहेरनं दुखनं तिले समजत नही का, भाऊ?"