डाव्या हाताची वात

नऊ जानेवारी. सासूबाईंची चादर आज तिसऱ्यांदा धुतली. अर्धांगवायूला सात महिने झाले. उजवा हात परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. वृद्धाश्रमाचा अर्ज मी भरून कपाटात ठेवलाय, कारण माझ्यात आता त्राण उरलेलं नाही.

चादर वाळत घालून आत आले, तर सासूबाई मांडीवर डाव्या हाताने वात वळत होत्या. वळली की ती सुटायची. शेजारी सुटलेल्या वातींचा ढीग होता.

"बाजारात तयार मिळतात," मी म्हटलं.

"मिळतात की. पण देवानं हा एक हात ठेवलाय ना? दुसरा देईल सवडीनं. तोवर हा रिकामा कशाला ठेवू?"

"कंटाळा नाही येत?"

"येतो. मग त्याचाही भार देवावरच घालते."

मी समजत होते, श्रद्धा म्हणजे हात जोडून बसणं. इथे तर जोडायला दुसरा हातच नव्हता, आणि बाई कामाला लागली होती.

दहा जानेवारी. सकाळी त्यातलीच एक वात देवापुढे लावली. दोनदा विझली, तिसऱ्यांदा तेवत राहिली. अर्ज कपाटातच राहू दिला, सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि ओली चादर काढायला घेतली.