पट्टेवाल्या मावशी

मावशींचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. उंच माणसाला आत शिरताना मान झुकवावीच लागते. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, येईल ते त्या शिवतात. पण रुग्णालयाच्या मुलांच्या विभागातून जी माणसं येतात, ती पट्ट्यासाठी येतात. किडन्या निकामी झालेल्या काही मुलांच्या पोटात एक मऊ नळी बसवलेली असते. रोज घरीच त्या नळीतून औषधाचं पाणी पोटात सोडायचं आणि शरीरातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं. ती नळी दिवसभर लोंबकळू नये म्हणून मावशी आतून खिसा असलेला सुती पट्टा शिवतात. पहिला त्यांनी स्वतःच्या मुलासाठी शिवला. पुढे त्याला मावशींचीच किडनी बसवली. आता तो दुसऱ्या गावी नोकरी करतो आणि गोळ्या घेतल्यास का विचारलं की फोनवर चिडतो. मावशींचं हे नावही त्यानेच पाडलं. "प्रत्येक ऑफिसात एक पट्टेवाला असतो, आमच्या घरी पट्टेवाली आहे," म्हणायचा.

पट्टा शिवायला फार वेळ लागत नाही. तरी मावशी आईबापांना दुपारभर बसवून घेतात. धीर धरा, सगळं ठीक होईल, असलं काही म्हणत नाहीत. हातात उसवायला एखादी शिवण देतात. हात गुंतले की माणूस बोलायला लागतो, हा त्यांचा अनुभव. एका बापाने तर बोलता बोलता चांगला शिवलेला पडदा उसवून ठेवला. मावशींनी हूं की चूं न करता तो पुन्हा शिवला.

त्या दुपारी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला घरात भिंगरी म्हणत; आता मात्र ती स्टुलावर गप्प बसून होती. आईचे ओठ सुकून फुटले होते. मावशींनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तिने मुलीकडे बघत घाईने मान हलवली. उसवायला दिलेली बाही मात्र तिने मांडीवर ओढली.

"भिंगरीला परवा चक्कर आली, मावशी. डॉक्टर म्हणतात, पाणी कमी पडतंय. मी रोज सकाळी तिची बाटली मापून भरते. जास्त द्यायचं नाही, कमीही नाही. संध्याकाळी बाटली रिकामी असते. मग कमी कसं पडेल?" तिचा हात थांबला. "असंच चाललं तर घरचं बंद करून तिला रुग्णालयातल्या मशीनवर घेऊ म्हणतात. म्हणजे सारखं तिथेच पडून राहायचं. शाळा सुटलीच. माझ्याच हातून काहीतरी चुकतंय."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली. मावशींनी टेप घेतली.

"हात वर कर बघू. आणि हे काय गं खिशात? दगडबिगड गोळा करतेस की काय?"

खिशात औषधाची जुनी बाटली होती, पाण्याने भरलेली.

"हात नका लावू. ते आईचं आहे."

"आईचं?"

"माझ्यातलं ठेवते मी. आईला कुणी पाणी देतच नाही. ती कधीच पीत नाही. संध्याकाळी मी हे पिंपात ओतते. मग पीत असेल ना ती त्यातलं?"

मावशींनी टेप गळ्यात टाकली. आई आत आली तशी त्यांनी सरळच विचारलं, "काय गं, तू पाणी पितेस कुठे?"

आई चपापली. हळूच म्हणाली, "बाथरूममध्ये. दार लावून. हिला मोजून द्यायचं आणि आपण हिच्यासमोर घटाघटा प्यायचं? घशाखाली उतरत नाही हो."

"आमचे हे बाथरूममध्ये केळं खायचे. पोराला केळं बंद होतं ना! एकदा धुवायच्या पँटच्या खिशात साल सापडली. असा चोर दुनियेत पाहिला नाही."

आई हसणार, इतक्यात भिंगरी उठून उभी राहिली. "म्हणजे तू पितेस? मग मी रोज पिंपात उगाच ओतलं?"

आईला कळायला क्षणभर लागला. मग तिची नजर लेकीच्या खिशातून डोकावणाऱ्या बाटलीवर गेली आणि मांडीवरची बाही खाली घसरली. तिने लेकीला जवळ ओढलं. नळीला धक्का लागू नये म्हणून एका बाजूने, जपून. "वेडाबाई," एवढंच म्हणाली.

"आधी पी," मावशी म्हणाल्या. "तिला बघू दे."

तिने ग्लास उचलला. पहिला घोट घशातच अडकला, ठसका लागला.

"एका दमात नको," भिंगरी आईच्याच सुरात म्हणाली. "घोट घोट घ्यायचं. पाणी कुठे पळून चाललंय?"

आईने ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि विभागातल्या सिस्टरना फोन लावला. बाटलीचं, पिंपाचं सगळं सांगितलं. पलीकडून सिस्टर बराच वेळ बोलत होत्या.

"आठवडाभर बघू म्हणाल्या," फोन ठेवून ती म्हणाली. "तिचं पाणी तिच्या पोटात गेलं, तर मशीनची घाई नाही."

भिंगरीने आपली मोठी बाटली उघडली होती. एक घोट घेऊन ती विचारात पडली.

"आई, मग बाबा कुठे पितात?"

"ऑफिसात."

"त्यांनाही सांग, घरी प्या म्हणावं," ती म्हणाली आणि दुसरा घोट घेतला.