चुकीची बारूद आणि उस्तादांचा उजवा हात

तेव्हा माझी पोस्टिंग युनिटच्या शूटिंग टीममध्ये होती. हुद्दा शिपाई, ड्युटी आर्मरीत. सरावात उडवलेल्या पिस्तुलाच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी केस साफ करून आम्ही त्यात पुन्हा बारूद भरायचो. गावाकडे लोक विचारतात, बारूद ती बारूद, त्यात निवड कसली? पिस्तुलाची नळी वीतभरही नसते. बारूद तेवढ्यात जळून संपली पाहिजे. रायफलची बारूद सावकाश जळते, तिला लांब नळी लागते.

टीमचे उस्ताद हवालदार देवराव टेकाम, मुकुटबनचे. मी शेजारच्याच वणीचा. तरी ड्युटीवर हिंदीच बोलायची आणि 'उस्ताद'च म्हणायचे, हा त्यांचा नियम.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पिस्तुलाची बारूद संपली. स्टोअरच्या सुभेदार साहेबांनी रायफलचा डबा पुढे केला.

"यही है. इसी से भर."

"साहब, ये धीमी है. पिस्टल में नहीं चलेगी."

"मंडी में बैठा है क्या? मोलभाव मत कर."

मी सातवीपासून वणीच्या बाजारात भाजी विकून शिकलो. खराब माल गळ्यात मारून घ्यायची सवय नाही. अर्धा तास हटलो नाही. शेवटी माझा आवाज चढला. साहेबांनी मला आर्मरीतून काढून रेंजवर केस वेचायला लावले. डबा तरी परत गेला असेल, असे मला वाटले. तो गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटे. उस्ताद रॅपिड फायर करत होते. तिसऱ्या राउंडला नुसते 'फुस्स' झाले. त्यांनी सवयीने स्लाइड ओढली आणि पुढचा राउंड चढवला. बाहेर पडलेली केस माझ्या पायाशी आली. तिच्यातून न जळलेले दाणे सांडले. म्हणजे गोळी नळीतच अडकली होती. पुढच्या फायरला नळी फुटून उस्तादांचा उजवा हात जाणार.

रेंजवर थांबवायचा शब्द 'स्टॉप'. तो कोणीही ओरडू शकतो. मला तो सुचलाच नाही.

"थांब बे, देवराव!"

त्यांचे बोट ट्रिगरवरून निघाले.

"काहून बे?"

"नळीत गोळी हाय, उस्ताद. रायफलची बारूद भरली."

पिस्तूल रिकामे करून नळीत सळई घातली. ती अर्ध्यातच अडली.

संध्याकाळी उस्ताद प्रथमच माझ्याशी वऱ्हाडीत बोलले. "'स्टॉप' दिवसातून शंभरदा आयकतो, कान मरते. 'थांब बे' आमच्याकडं पायाखाली साप असला तवाच म्हनते."

तो डबा त्याच दिवशी परत गेला. मला मात्र रेड इंक एंट्री, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डवर शिक्षेची नोंद मिळाली: सुभेदार साहेबांशी हुज्जत आणि सीनिअरला एकेरी हाक. उस्तादांनी माझ्या बाजूने जबाब दिला, उपयोग झाला नाही. आज वणीत ट्रकच्या स्पेअर पार्टचे माझे दुकान आहे, स्वतःच्या बळावर उभे केलेले. त्या लाल शाईचा राग अजून गेलेला नाही.

पुढे उस्ताद सीमेवर गेले. एका चकमकीत त्यांनी दोन जखमी जवानांना ओढत आडोशाला आणले. तिसऱ्यासाठी परत गेले, ते आले नाहीत.

त्या दोघांपैकी एक जण मागच्या महिन्यात बायको आणि लहान मुलीला घेऊन मुकुटबनला उस्तादांच्या घरी आला. मी दुकान बंद करून सोबत गेलो. उस्तादांच्या पत्नीला रेंजवरची गोष्ट ठाऊक होती. जेवताना वहिनींनी विचारले, "कोन्त्या हातानं ओढलं तुमाले?"

"दाएँ हाथ से, भाभी. कॉलर पकड़ के."

तोच उजवा हात. वहिनींनी उठून मुलीच्या ताटात आणखी एक गरम भाकर वाढली.